बोटभर पाणी

बद्रीनाथने पारदर्शक प्लास्टिकच्या कागदाची शेवटची कड टाकीवर ताणली, तिच्यावर वीट ठेवली आणि कुठे फट राहिली नाही ना, हे वाकून पाहिले. गच्चीवरच्या तिन्ही सिमेंटच्या टाक्या आता घट्ट बंद झाल्या. वर हिरव्या जाळीची सावली होतीच. बुडबुडे सोडणारा हवेचा पंपही त्याने निम्म्यावर आणला होता, कारण बुडबुडे फुटले की पाणी लवकर वाफ होऊन उडते, आणि उडणारे पाणी बद्रीनाथला बघवत नसे.

त्याला तरी काय बोलणार? एकतीस वर्षे त्याने हर्सूलच्या गल्ल्यांना नळाचे पाणी सोडले होते. व्हॉल्व्ह फिरवायचा, घड्याळ बघायचे, वेळ झाली की बंद. स्वतःच्या गल्लीलासुद्धा कधी पाच मिनिटे जास्त दिली नाहीत. शेजारचा नळ ठिबकला तरी हा भला माणूस जेवणावरून उठायचा.

निवृत्त झाल्यावर त्याला गोल्डफिशचा नाद लागला. गेल्या वैशाखात सगळे मासे पाठोपाठ गेले, तेव्हा बायकोशी, आवडाबाईशी, त्याचा करार झाला. यंदाही गेले तर टाक्या फोडायच्या आणि गच्ची कुरडया-पापडांना मोकळी करून द्यायची. तीन वर्षे ती बिचारी शेजारणीच्या गच्चीवर कुरडया वाळवत होती.

टाकीतला थर्मामीटर चौतीस दाखवत होता. सकाळी एकतीस होता. प्लास्टिकखाली मासे तोंडे वर काढून नुसते तरंगत होते.

आवडाबाई ताकाचा तांब्या घेऊन वर आली. टाक्यांकडे बघत उभी राहिली.

"लई आवळून झाकलंय."

"मग काय करू? रोज बोटभर उडतं. तिन्हीचं मिळून तीन बादल्या. नळ येणार शुक्रवारी."

"माठाला असं प्लास्टिक गुंडाळलं तर पाणी गार व्हईल का?"

"माठात मासे नसतात."

"नसतात. पर माठ पाझरतो, पाझरलेलं वाळतं, तवा आतलं गार राहतं. तुम्ही तर ह्याला वाळूच देईनात."

एवढे बोलून ती खाली गेली. बद्रीनाथने रागारागाने ताक संपवले. मग वीट सरकवून कागदाची एक कड उचलली. उकळत्या पातेल्याचे झाकण काढावे तशी ऊब हातावर आली. कागदाच्या आतल्या अंगाला थेंबच थेंब होते. एक मनगटावर पडला. कोमट होता. पाणी आपली उष्णता घेऊन निघाले होते आणि तो दारात बसून त्याला माघारी पाठवत होता.

त्याने तिन्ही कागद काढले. पंप पूर्ण सोडला. सगळे पाणी खळबळायला लागले, वरून कोरडा वारा वाहत होता, आणि डोळ्यांदेखत पाणी वाया चालले आहे असे वाटून त्याचा जीव तुटत राहिला. तरी तो जागचा हलला नाही.

दिवस कलला तेव्हा पारा तिसावर आला होता. पाणी बोटभर उतरले होते. मासे तळाशी जाऊन खुशाल फिरत होते.

तो रिकामी बादली घेऊन खाली गेला. आवडाबाई भाकरी थापत होती. शुक्रवारपर्यंतचे पाणी मोरीतल्या दोन ड्रमांत होते.

"एक बादली घेतो," तो चाचरत म्हणाला. "बाकीचं उद्या बघू."

"तीन घ्या की."

"उद्या परत उडंल."

"उडू द्या. त्याच्यासाठीच उघडलं ना?"

तिने तवा उतरवला, बादली भरली आणि स्वतःच जिना चढली; तो मागोमाग गेला. तिन्ही टाक्यांत डोकावून एकेक मासा मोजला.

"सगळे हायेत," ती म्हणाली. तिच्या आवाजातला आनंद त्याला स्पष्ट ऐकू आला.

"तू बोलली नसतीस तर आठ दिवसांत गच्ची तुझी झाली असती."

आवडाबाई सावकाश पाणी ओतत होती.

"झाली असती. अन तुम्ही खाली आला असता. दिवसभर मोरीच्या दारात उभं राहून सांगितलं असतं, नळ बारीक कर, नळ बारीक कर."

बद्रीनाथला हसू आवरेना. तिच्या हातातली बादली घेऊन तो खाली गेला आणि यावेळी ती काठोकाठ भरून आणली. जिन्यात पाणी हिंदकळून दोन पायऱ्या भिजल्या, तरी तो थांबला नाही.