कंडक्टरबाईंचा केसपेपर

कंडक्टरबाई निवृत्त झाल्या त्याला सहा वर्षं झाली, पण त्यांचं नाव काही निवृत्त झालं नाही. तीस वर्षं बसच्या गर्दीतून वाट काढून तिकिटं दिलेल्या बाईंचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा. या एका दुखण्याबद्दल मात्र त्या कुणाशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. खाली सारखी खाज, लघवीला आग, अंगावरून पिवळट पाणी जायचं आणि त्याला घाण वास. चौसष्टाव्या वर्षी हे काय नवीन, म्हणून महिनाभर अंगावर काढलं. शेवटी मुलीला सांगितलं. ती बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

काउंटरवरच्या नर्सने केसपेपर भरायला घेतला. रक्तदाब, साखर, बाळंतपणं किती, पाळी कधी बंद झाली. मग ‘लैंगिक संबंध’ हा रकाना आला. नर्सने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. आडवी रेघ मारली आणि विचारलं, “औषधाची ॲलर्जी?”

आत डॉक्टर होता, मुलीपेक्षाही लहान. त्याने मुलीलाच विचारलं, “काय होतंय आजींना?”

“खाज येते म्हणते.”

“वयाने कोरडेपणा येतो. मलम देतो.”

“पाणीही जातंय,” बाई मध्येच म्हणाल्या. “पिवळं. वास येतो.”

“स्वच्छता ठेवा, आजी,” तो लिहिता लिहिता म्हणाला.

पडद्यामागचा पलंग तसाच राहिला, त्यावरची चादर सकाळपासून कुणी चुरगळलेली नव्हती. स्वच्छता ठेवा! दिवसातून तीनदा कपडे बदलणाऱ्या बाईंना भर दवाखान्यात कुणीतरी घाणेरडी म्हटल्यासारखं झालं. 

मलम दीड महिना लावलं. आग वाढली. पुन्हा गेल्या, तर डॉक्टरने मलम बदललं आणि म्हणाला, “या वयात असं चालायचंच.”

मुलीला ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरने विचारलं नव्हतं, ते असं की नाक्यावर घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी रोज दुपारी दुकान बंद करून बाईंकडे जेवायला यायचे आणि चार वाजता परत जायचे. जेवण अर्ध्या तासात उरकायचं. ते विधुर, या विधवा. तीन वर्षं हे सुखाने चाललं होतं. दुखणं सुरू झाल्यापासून मात्र बाई त्यांना काही ना काही सबब सांगून टाळत होत्या. दुसऱ्या मलमानंतर त्यांनी घड्याळजींना सगळं सांगितलं.

घड्याळजी म्हणाले, “मलाही मागे लघवीला आग झाली होती. दोन दिवसांत थांबली, म्हणून सोडून दिलं.”

“आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?”

दुसऱ्या दिवशी बाई एकट्याच सरकारी तपासणी केंद्रात गेल्या. तिथल्या जाडजूड नर्सताईंनी दार लावून घेतलं आणि विचारलं, “शेवटचा संबंध कधी आला?” कुठे उतरायचंय, असं विचारावं तितक्या सहज. बाईंना रडू आलं, ते लाजेने नव्हे, रागाने. इतकंच विचारायचं होतं! एवढ्यासाठी अडीच महिने?

ताईंनी नीट तपासलं, स्वॅब घेतला, बाकीच्या संसर्गांसाठी रक्तही घेतलं. रिपोर्ट आला: ट्रायकोमोनास. संबंधातून पसरणारा एक बारीक परजीवी. सात दिवसांच्या गोळ्या, दोघांनी एकाच वेळी घ्यायच्या, तोवर जवळीक बंद आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

“कुणाकडून कुणाला आला?”

“सांगता येत नाही. काहीही त्रास न देता तो महिनोन्‌महिने शरीरात राहू शकतो. भांडू नका, गोळ्या घ्या.”

घरी बाईंनी रिपोर्ट दाखवला तेव्हा घड्याळजींचं तोंड उतरलं. “म्हणजे माझ्यावर संशय?”

“संशय नाही. या गोळ्या. पाणी प्या आणि घ्या.”

त्यांनी घेतल्या.

मुलीने टेबलावरचा रिपोर्ट वाचला, बाईंनी तिला घड्याळजींबद्दल सांगितलं, तशी ती खुर्चीत बसली. “घड्याळवाले काका? आई, लोक काय म्हणतील?”

“लोकांना खाज येत नव्हती,” बाई म्हणाल्या. “आणि तुलाही माझ्याबद्दल विचारावंसं वाटलं नाही. तूही त्या रेघेकडे बघत शेजारी बसली होतीस.”

बाई रिपोर्ट घेऊन दवाखान्यात निघाल्या, तेव्हा मुलगीही उठून बरोबर गेली.

डॉक्टरने कागद दोनदा वाचला. “या वयात हे क्वचित आढळतं, आजी.”

“विचारलंच नाही, तपासलंच नाही, तर आढळणार कुठून?”

“जरा हळू बोला. बाहेर पेशंट बसलेत.”

“ऐकू दे त्यांना! माझ्या केसपेपरवर मला न विचारता रेघ मारलीत. माझं शरीर काय तुम्ही परस्पर बंद करून टाकलंत? आणि आजी म्हणू नका, मी तुमची कुणी लागत नाही.”

त्याचे कान लाल झाले. सॉरी म्हणाला, पण तेही मुलीकडे बघून. बाईंनी तिथेच बसून तक्रार लिहिली. पंधरा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं, ‘दखल घेण्यात आली आहे.’ कसली दखल, ते त्यात नव्हतं. ते वाचून बाईंचा संताप नव्याने उसळला आणि त्यांनी वरच्या कार्यालयाला दुसरं पत्र धाडलं. दुखणं गोळ्यांनी गेलं. तीन महिन्यांनी पुन्हा केलेली तपासणीही स्वच्छ आली.

तक्रार लिहिली त्या दिवशी फाटकापाशी सत्तरीच्या एका बाईंनी त्यांना गाठलं होतं. निवृत्त शिक्षिका. आतलं सगळं त्यांनी ऐकलं होतं. “मलाही दोन वर्षं खाज आहे,” त्या म्हणाल्या. “पण माझ्या आयुष्यात कुणी नाही हो.”

“नसू दे. तपासायला काय हरकत आहे?”

त्याच आठवड्यात कंडक्टरबाई त्यांना नर्सताईंकडे घेऊन गेल्या. शिक्षिकाबाईंना संसर्ग नव्हता, त्वचेचा वेगळाच आजार होता. त्याला वेगळं मलम लागतं आणि वरचेवर तपासत राहावं लागतं. दोन वर्षांत कुणी बघितलंच नव्हतं.

“मला चार डॉक्टरांनी सांगितलं, मनाचे खेळ आहेत,” बाहेर येऊन शिक्षिकाबाई म्हणाल्या. “आणि मी त्यांना थँक्यू म्हणून बाहेर पडायचे.”

“चारही जणांची नावं सांगा,” कंडक्टरबाई म्हणाल्या आणि पिशवीतून पेन काढलं.