बाराव्या दिवसाचा शॉट

कदिरवेलूंच्या नावावर नऊ सिनेमे होते, पाच कादंबऱ्या होत्या आणि गाव मात्र एकच होतं, सेंगुळम. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडचं, तीनशे उंबऱ्यांचं, नकाशात बोट ठेवलं तर बोटाखाली झाकलं जाईल एवढं. त्या एका गावावर गड्यानं अडतीस वर्षं नाव कमावलं आणि त्या अडतीस वर्षांत गावात एकदाही पाऊल टाकलं नाही. ही गोष्ट गावाबाहेर जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस आत्ता कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोत, जावयाच्या गाडीत मागच्या सीटवर, पट्टा लावून बसला होता.

पहिला सिनेमा तेवढा खरा तिथं झाला. पुढचे आठ दुसऱ्याच जिल्ह्यात, प्लायवुडच्या देवळासमोर. पण कधीतरी एका पत्रकारानं विचारलं आणि ते बोलून गेले, "दर पोंगलला मी गावी जातो." वाक्य लोकांना आवडलं. आवडलेलं वाक्य परत परत म्हणावं लागतं, आणि घरच्यांनी पेपर वाचल्यावर ते निभवावंही लागतं. म्हणून दर जानेवारीत कदिरवेलू पिशवी भरून घरातून निघायचे, मदुराईच्या एका लॉजवर तीन दिवस छताचा पंखा बघत पडायचे आणि येताना बाजारातला ऊस घेऊन यायचे. बायको गेली ती "गावचा ऊस गोडच" म्हणत गेली.

जावई शार्दूल पुण्याचा. सासरेबुवा ऐन तरुणपणी पुण्यात सिनेमा शिकले होते, त्यामुळे दोघांचं मराठीत चांगलं जमायचं. फक्त म्हाताऱ्याचं मराठी त्या काळच्या कॅन्टीनमध्ये थांबलेलं. शार्दूल सॉफ्टवेअर टेस्टर. माणूस लाख मोलाचा, पण सरप्राइजसुद्धा आधी टेस्ट केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"अप्पा, एक सांगू? खरं तर सांगायचं नाहीये."

"मग नको सांगू ना, बाबा."

"आज तुमच्या सत्कारात तुमचं गाव येणार आहे! लाइव्ह! इथं सहा म्हणजे तिथं सकाळचे साडेसहा. ऑफिसातल्या कुमारनं पंचायतीला फोन करून सगळं सेट केलंय. सकाळी टेस्ट कॉल पण झाला, एकदम क्लिअर."

कदिरवेलूंनी पट्ट्याला हात घातला. "कोण येणार?"

"तुमच्या पहिल्या सिनेमातलं कुणी आहे का म्हणून विचारलं. एकच आजी आहेत म्हणे. पेच्ची."

पुढं शार्दूलशेजारी बसलेली त्यांची मुलगी कयल मागं वळली. "अप्पा, ती पेच्ची? ती तर सिनेमात मरते ना?"

"सिनेमात," कदिरवेलू म्हणाले.

पेच्ची गावातलीच, बावीस वर्षांची पोर. परजातीच्या मुलाशी लग्न करते म्हणाली, तर भावानं अकरा दिवस गोठ्यात कोंडून घातलं. बाराव्या दिवशी भावाचंच मन विरघळलं आणि त्यानं दार उघडलं. दोन वर्षांनी कदिरवेलूंनी त्याच गोठ्यात, तिलाच घेऊन, तिच्याच नावानं सिनेमा केला. बाराव्या दिवसाचा शॉट घेतलासुद्धा: दार उघडतं, पेच्ची उन्हात डोळे मिचकावते. मग चेन्नईला एडिटिंगच्या टेबलावर त्यांना दिसलं की शॉट कापून सिनेमा बंद दारावर संपवला तर पोर आतच मेली असं समजून बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. कापला. बक्षीस मिळालं. पाठोपाठ पेच्चीचं कार्ड आलं, एका ओळीचं: दार का उघडलं नाही? त्या कार्डाला उत्तर सुचेना, आणि उत्तर नाही म्हणून गावी जाववेना. अडतीस वर्षांचा हिशेब एवढाच.

"शार्दूल, गुडघा दुखतोय रे."

"स्टेजला रॅम्प आहे अप्पा."

"बीपी वाढल्यासारखं वाटतंय."

"गोळी कयलच्या पर्समध्ये."

"आम्ही तमिळमध्ये बोलणार. इथं अर्धे लोक मराठी, उरलेले गुजराती आणि तेलुगू. बोअर होतील यार!"

"तेच तर! तुम्हीच ट्रान्सलेट करायचं. शेड्यूलमध्ये टाकलंय. दहा मिनिटं, मग लहान मुलांचा शेतकरी डान्स."

ज्याला प्रत्येक अडचणीवर तोडगा सुचतो अशा जावयासमोर सासऱ्याचं काही चालत नाही. सहा वाजता कदिरवेलू स्टेजवर होते. मागं पुठ्ठ्याची झोपडी, बाजूला भाड्यानं आणलेलं बैलगाडीचं चाक, समोर दोनशे माणसं. भारतीय मंडळाची अध्यक्ष नेत्रा, मूळची नागपूरची, माइकवर सांगत होती, "ज्यांनी आपल्या मातीशी नाळ कधी तोडली नाही, जे दर पोंगलला..." कदिरवेलूंनी चाकाचे आरे मोजले. बारा निघाले. मग पडदा उजळला.

शाळेची खोली, प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत एक चष्मेवाली बाई, हातात कॉफीचा स्टीलचा पेला. टाळ्या. पेच्चीनं टाळ्या संपेपर्यंत वाट पाहिली.

"कदिरु, म्हातारा झालास की," ती तमिळमध्ये म्हणाली.

"झालो."

"मला भावानं अकरा दिवस कोंडलं. बाराव्या दिवशी सोडलं. लग्न झालं, तीन लेकरं झाली, सुना आल्या. तुझ्या सिनेमात मी अजून आतच आहे. टीव्हीवर लागतो तुझा सिनेमा. लेकीच्या सासरी तिला विचारतात, गोठ्यात मेली ती तुझी आई का गं? दार का उघडलं नाहीस?"

सभागृहात तमिळ कळणारी पंधरा-वीस माणसं. तिसऱ्या रांगेत फोनवर शूटिंग करत बसलेली कयल त्यातलीच.

"काका, काय म्हणाल्या आजी?" नेत्रा पुढं झाली. "आम्हाला पण सांगा ना!"

आजी मला आशीर्वाद देतायत, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तोंडात आलंही होतं. पण कयलचा फोन रोखलेला, आणि पडद्यावर पेच्ची भुवया उंचावून थांबलेली. कदिरवेलू माइकमध्ये इंग्रजीत म्हणाले, "ती विचारतेय, मी दार का उघडलं नाही. मी तो शॉट घेतला होता. कापून टाकला. बंद दार जास्त सुंदर दिसत होतं."

मागून कुणीतरी "वा!" म्हणालं. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठले, त्यांना बघून त्यांच्या मागचे उठले, आणि बघता बघता दोनशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली. नेत्रानं डोळे टिपले. "केवढा प्रामाणिकपणा, काका! हेच खरं आर्टिस्टचं मन!"

"कशाला टाळ्या वाजवतायत?" पेच्चीनं विचारलं.

"त्यांना आवडलं."

"काय आवडलं?"

कदिरवेलूंनी माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"तू नीट सांगितलं नाहीस. परत सांग."

शार्दूल लॅपटॉपपाशी दोन बोटं दाखवत होता: दोनच मिनिटं. बाजूला डोक्याला मुंडासं बांधलेली चिल्लीपिल्ली शेतकरी मंडळी एकमेकांना ढकलत होती. कदिरवेलूंनी हात वर करून लोकांना बसायला लावलं. जरा वेळ लागला. उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्यांना बसवणं अवघड असतं.

"बसा. तुम्हाला वाटलं मी काही छान बोललो. नाही. ही बाई जिवंत आहे आणि मी तिला मारलं, कारण ते दिसायला बरं होतं. तिनं पत्र पाठवून विचारलं, मी उत्तर दिलं नाही. दर पोंगलला मी गावी जात नाही. अडतीस वर्षांत एकदाही गेलेलो नाही. मदुराईच्या लॉजवर झोपतो. ऊस बाजारातून आणतो."

या वेळी कुणी उठलं नाही. एक गृहस्थ अर्धवट उठले होते, ते खाली बसले. नेत्रानं हातातला कागद उलटा केला, पाठीमागं काहीच लिहिलेलं नव्हतं. कयलचा फोन खाली आला. "अप्पा," ती तिथूनच म्हणाली, "अम्मालापण?"

"हो," कदिरवेलू म्हणाले. "अम्मालापण."

शार्दूल दबक्या पावलांनी जवळ आला. "अप्पा, मी कॉल कट करतो. नेटवर्क गेलं म्हणून सांगू. काही प्रॉब्लेम नाही."

"कट करू नकोस."

"अहो, पण मुलं थांबलीयेत."

"ती करेल कट. तिला वाटेल तेव्हा."

मग ते पडद्याकडे वळून तमिळमध्ये म्हणाले, "सांगितलं."

पेच्चीनं चष्मा पुढं ओढून गप्प बसलेल्या दोनशे माणसांकडं पाहिलं, मग स्टेजवर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडं. तिच्यामागं कुणीतरी विचारलं, "आजी, झालं का? बंद करू?"

"थांब," ती म्हणाली.

तिनं पेला खाली ठेवला, खुर्ची थोडी पुढं ओढली आणि बसून राहिली. कदिरवेलू उभेच होते.