शेवटच्या थांब्यावरचं मत

आमच्या अख्ख्या गल्लीत जिलियनच्या निवडणुकीचा फलक नाही असं एकच घर होतं, आणि ते तिच्या आईबापाचं, म्हणजे आमचंच होतं. आता याला काय म्हणायचं? समोरच्या घरातली म्हातारी, जिला आपल्या सुनेचं नाव आठवत नाही, तिनं कुंपणाला फलक बांधला. कोपऱ्यावरच्या खाटकानं सॉसेजच्या मधोमध लावला. आणि माझा नवरा क्लिफर्ड ऑलरनशॉ, मुलीचा सख्खा बाप, म्हणाला की फलकाची सावली त्याच्या लीकच्या, म्हणजे त्या जाड पातीच्या कांद्यांच्या, रोपांवर पडेल.

यॉर्कशरमध्ये सावली पडायला आधी ऊन पडावं लागतं, हे मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. क्लिफर्ड माणूस वाईट नाही, पण एकदा आडवा पडला की क्रेन आणली तरी उठत नाही.

हा राग जुना. क्लिफर्डनं आयुष्यभर बस चालवली. शहराच्या मध्यापासून आमच्या क्रॅगथॉर्पच्या शेवटच्या थांब्यापर्यंत आणि परत. कधी म्हणून वेळेवर आला नाही. लांबून एखादी बाई पिशव्या सांभाळत पळत येताना दिसली की हा गाडी धरून उभा. आतले लोक घड्याळं दाखवायचे, हा आरशात बघून केस नीट करायचा. वरिष्ठांनी बोलावून झापलं तरी दुसऱ्या दिवशी तेच. मी स्वयंपाक करून खिडकीत बसायचे आणि बटाटे गार व्हायचे.

तर त्या शेवटच्या थांब्यावर एक शौचालय होतं. साधं, विटांचं, पण स्वच्छ. आमच्या वॉर्डाचे नगरसेवक रोलंड मर्गट्रॉइड यांनी ते खर्च वाचवायचा म्हणून बंद करवलं आणि कुलुपाशेजारी उभं राहून वर्तमानपत्रात फोटो छापून आणला. इकडून तिकडे बस नेणाऱ्या ड्रायव्हरनं मग काय करायचं, हे त्यांना सुचलं नाही. क्लिफर्डला खाटकाच्या दुकानात जाऊन विनवण्या कराव्या लागायच्या, आणि दर वेळी लाजेखातर काहीतरी विकत घ्यावं लागायचं. त्या काळात आम्ही एवढं मटण खाल्लं की सांगायची सोय नाही.

तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीला तो चांगला कोट घालून जायचा आणि मतपत्रिकेवर आडवं लिहून यायचा, 'शौचालय उघडा.' तेसुद्धा चौकटीत. त्याला सवयच आहे. बसच्या कपाळावर गावाचं नाव चौकटीत असतं ना, तसं तो सगळं चौकटीत लिहितो. दूधवाल्याला चिठ्ठीसुद्धा. अर्थात मत बाद. मतमोजणीच्या लोकांना आता ते पाठ झालं होतं. क्रॅगथॉर्पची पेटी उघडली की ती चौकट शोधायची आणि हसत बाजूला टाकायची, अशी त्यांची रीत पडली होती. मी त्याला कितीदा म्हटलं, अरे, हव्या त्या नावासमोर एक फुली मारून ये. तर म्हणायचा, फुली मारली की त्यांना वाटतं आपण खूश आहोत.

जिलियन उभी राहिली तरी याचं तेच. पक्ष नाही, पैसा नाही, माझ्या जुन्या पडद्याच्या अस्तराची मी शिवलेली प्रचाराची फुलं छातीवर लावून पोरगी दारोदार फिरली. आधी दोनदा पडली होती. मागच्या वेळी तर अगदी थोडक्यात. या खेपेला तिनं मला स्वयंपाकघरात सांगितलं की यंदा पडले तर पुन्हा उभी राहणार नाही, मला आता दमायला होतं. ती असं बोलणारी मुलगी नाही. मी चहा ढवळत राहिले, साखर घातलेली नसताना.

म्हणून मी क्लिफर्डला गाठलं. तो रोपांपाशी गुडघ्यावर बसला होता. त्याचं म्हणणं असं, की पोरीवर त्याचा राग नाही, पण त्या नगरपालिकेच्या इमारतीत शिरलेला माणूस शौचालय विसरतो. तीही विसरेल, आणि मग जेवताना तिच्या तोंडाकडे बघवायचं नाही. मी म्हटलं, तुझ्या तोंडाकडे मी इतकी वर्षं बघते आहे, मला बक्षीस मिळालं पाहिजे. तो लीकशीच बोलत राहिला.

मतदान शाळेच्या सभागृहात होतं. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते, आपले लोक येऊन गेले की नाही ते बघायला. शेजारच्या खुर्चीवर मर्गट्रॉइडांची मेहुणी. आम्ही एकमेकींना बिस्किटं दिली आणि एक शब्द बोललो नाही. दुपारी क्लिफर्ड आला. मयताला घालायचा कोट, छातीवर फूल नाही. माझ्याकडे बघून त्यानं टोपी उचलली, जशी परक्या बाईला बघून उचलतात. आत गेला तो गेलाच. फुली मारायला एवढा वेळ लागत नाही. मेहुणीबाईंनी माझ्याकडे बघून भुवई उडवली, म्हणजे त्यांनाही माहीत होतं. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय केलंस? तर म्हणाला, "नेहमीसारखं."

त्या संध्याकाळी त्याला मी आदल्या दिवशीचा थंड बटाटा वाढला आणि मीठही दिलं नाही. त्यानं मुकाट्यानं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मतमोजणी. जागा म्हणजे पोरांचा बास्केटबॉलचा हॉल. जमिनीवर रंगीत रेघा, वर जाळी, खाली लांब टेबलं आणि बोटांना रबरी टोप्या लावलेली माणसं. जिलियनच्या बाजूनं मोजणीवर नजर ठेवायला मी गेले होते, कारण कामावर रजा टाकायला दुसरं कुणी तयार नव्हतं. दारातच एक सूचना हातात देऊन सही घेतली. मी शाळेत फार दिवस गेले नाही, छापील कागद मला लवकर उलगडत नाही, आणि न वाचता मी माझ्या आईच्या हातच्या कागदावरसुद्धा सही करायची नाही. म्हणून जिलियनकडून ती दोनदा वाचून घेतली. मागे रांग तुंबली. तुंबू दे. त्यात लिहिलं होतं की मतदान गुप्त असतं, कोणता कागद कुणाचा हे मोजणीला आलेल्या कुणीही शोधायचं नाही, कळलं तरी बोलायचं नाही. मी सही केली.

संशयाच्या मतपत्रिका एका टेबलावर दाखवायला आणल्या, तेव्हा ती चौकट मला लांबूनच दिसली. टेबलावरचा माणूस म्हणाला, हा आपला नेहमीचा, आणि सगळे हसले. मी छताकडे बघितलं. शरमेनं माझे कान तापले होते. कागद बादच्या गठ्ठ्यात गेला.

मग मोजणी झाली. मर्गट्रॉइड आणि जिलियन, दोघांना सारखीच मतं. तिसरा उमेदवार, टोबायस नावाचा एक सुकुमार मुलगा, खूप मागे होता आणि सँडविच खात होता. पुन्हा मोजलं. पुन्हा सारखीच. निवडणूक अधिकारी बाई, उंच आणि शांत, त्यांनी सांगितलं की कायद्यानं आता चिठ्ठी टाकायची, आणि कुणाला तरी झाकणाचा डबा आणायला पाठवलं. डबा आला तो बिस्किटांचा. त्यावर हिरवळीवर चरणाऱ्या मेंढ्यांचं चित्र.

जिलियन त्या मेंढ्यांकडे बघत होती. इतकी वर्षं चपला झिजवल्या आणि शेवटी बिस्किटांचा डबा. मी तिचा हात धरला.

पण मर्गट्रॉइडांना चिठ्ठीवर भरवसा नव्हता. बादच्या गठ्ठ्यात आपलं एखादं मत अडकलं असेल, असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, डबा नंतर, आधी बाद केलेले सगळे कागद पुन्हा एकेक करून बघा. अधिकारी बाई म्हणाल्या, तुमचा हक्क आहे. आम्ही टेबलाभोवती उभे राहिलो. एकावर दोन फुल्या, बाद. एक कोरा, बाद. एकावर कुणीतरी घोडा काढला होता, चांगला काढला होता, पण बाद. आणि मग तो चौकटीचा.

या वेळी बाईंनी तो वाचला. सकाळी कुणी वाचलाच नव्हता. चौकट दिसली आणि सवयीनं भिरकावला. तर त्यावर एक नव्हे, तीन चौकटी होत्या, प्रत्येक नावासमोर एकेक. मर्गट्रॉइडांसमोर लिहिलं होतं, 'यानं बंद केलं.' टोबायससमोर, 'याला ठाऊकच नाही.' आणि जिलियनसमोर, 'उघडायचं काम हिला द्या.'

टोबायसनं सँडविच खाली ठेवलं आणि काय बंद केलं, असं विचारलं.

बाईंनी एक पुस्तिका उघडली. त्यात असल्या कागदांचे नमुने असतात. म्हणाल्या, फुलीच पाहिजे असं नाही, मतदाराला कोण हवं आहे ते स्वच्छ कळलं की पुरे. मर्गट्रॉइड म्हणाले, हे मत नाही, ही तक्रार आहे. बाई म्हणाल्या, तक्रार आहे खरी, पण काम कुणाला द्यायचं तेही सांगितलेलं आहे.

आता मर्गट्रॉइडांचा चेहरा बीटासारखा झाला. ते माझ्याकडे वळले.

"हा कागद कुणाचा आहे ते साऱ्या शहराला माहीत आहे. माणूस ओळखू आला की मत बाद होतं. मिसेस ऑलरनशॉ, तुम्हीच सांगा, हे अक्षर कुणाचं?"

सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. जिलियननं डोळे मिटून घेतले. तिला वाटलं आता आई बोलणार, कारण आजवर कुणी काही विचारलं आणि आईनं चोख उत्तर दिलं नाही असं घडलेलं नाही. पोस्टात, दवाखान्यात, चर्चमध्ये पाद्रीबाबांनासुद्धा. माझ्या जिभेच्या टोकावर होतंच. जीभ मी दातांत धरली.

"नगरसेवक साहेब," मी म्हणाले, "सकाळी दारात एक सूचना दिली होती. मी अडाणी बाई, मला दोनदा वाचून घ्यावी लागली. तुम्ही एकदा तरी वाचलीत का? कुणाचा कागद ते शोधायचं नाही आणि बोलायचंही नाही. सही तुमचीही आहे."

हॉलमध्ये कुणाच्या तरी घशात चहा अडकला. बाईंनी कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, यावर नाव नाही, पत्ता नाही, मतदार कोण हे या कागदावरून कळत नाही, आणि मिसेस ऑलरनशॉ म्हणतात ते बरोबर आहे. मग त्यांनी तो कागद उचलून जिलियनच्या गठ्ठ्यावर ठेवला.

मी तो कागद ओळखला की नाही, ते मी इथंही सांगणार नाही. सही म्हणजे सही.

एका मतानं जिलियन निवडून आली. मर्गट्रॉइडांनी येऊन तिचा हात हातात घेतला, ते मी मान्य करीन, आणि जाताना मलाही मान झुकवून गेले. टोबायसनं विचारलं की डब्यात बिस्किटं आहेत का. नव्हती. जिलियन मंचावर चढली आणि भाषणाचा कागद घरी राहिला म्हणून एवढंच म्हणाली, की सोमवारी सकाळी पहिल्या बसनं ती शेवटच्या थांब्यावर जाऊन ते कुलूप स्वतः बघणार आहे. खाली उतरून माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, आई, तू गप्प बसलीस. मी म्हटलं, कुणाला सांगू नकोस, माझी इज्जत आहे.

आम्ही घरी आलो तेव्हा उन्हं होती. खरीखुरी, सावली पाडणारी. आणि आमच्या अंगणात, लीकच्या वाफ्याच्या अगदी मधोमध, क्लिफर्ड हातोडीनं खांब ठोकत होता. खांबावर जिलियनचा फलक. समोरची म्हातारी तिचा फलक काढून आत नेत होती, ती थबकून बघत राहिली. जिलियननं मला कोपरानं ढोसलं आणि चहा टाकायला आत पळाली. तिला हसू आवरत नव्हतं.

मी फाटकात उभी राहिले. त्यानं वर बघितलं नाही.

"किती मतांनी?" त्यानं विचारलं.

"एका."

त्यानं आणखी एक घाव घातला, मग आणखी एक, गरज नसताना.

"म्हणजे कुणीतरी एकानं," तो म्हणाला.

"कुणीतरी," मी म्हटलं.

तो उठला, गुडघ्यांची माती झटकली आणि फलकाकडे बघत राहिला. फलक थोडा वाकडा होता. त्याचे कान लाल झाले होते. आमच्या लग्नात झाले होते तसे, तेव्हाही तो चर्चमध्ये उशिरा पोचला होता, वाटेत कुणाच्या तरी आजीला घरी सोडून.

मी त्याला जे सुनावायचं ते काल रात्रीपासून तयार ठेवलं होतं, चांगलं लांबलचक. ते सगळं बाजूला ठेवलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "क्लिफर्ड ऑलरनशॉ, निवडणूक काल झाली, तू फलक आज लावतोस. तू जन्मात कधी वेळेवर आला नाहीस. पण पळत येणाऱ्या बाईला थांब्यावर सोडून गेला नाहीस, तेही कधीच नाही. आत चल, आज गरम जेवण आहे, आणि मीठ तुझ्या हातानं घे."