गोठ्यातली दुसरी चूल

आमच्या स्वयंपाकघराला सकाळी छप्पर नसतं. धूर खांद्याच्या उंचीवर येऊन थांबतो, कौलांच्या फटींतून उन्हाचे दोर खाली सुटतात आणि फळीवरची भांडी तळ्यात बुडाल्यासारखी हलतात. सगळं कसं लांब, मऊ, हळू. कुणाला यावर कविता सुचली तर त्याने इथे येऊन आधी तासभर पीठ मळावं.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, या तळ्यात चाळीस वर्षं पोहल्या. आता बुडताहेत. डॉक्टरने छातीचा फोटो खिडकीकडे धरला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, असाच धूर घेत राहिल्या तर दोन हिवाळे काढतील, तिसऱ्याचं मी बोलत नाही. घरी येईपर्यंत आईंनी त्या डॉक्टरला पोरगेला ठरवून टाकलं.

अशात एक सर्वेक्षणवाली ताई आली. घरोघरी जाऊन, कोणतं घर हवेत किती कार्बन सोडतं हे मोजायची तिची नोकरी. जिथे जास्त, तिथे धुराड्याची शेगडी फुकट बसणार होती. लाकूड निम्मं लागणार, धूर पाइपातून बाहेर जाणार. मोजायची रीत सोपी होती. लाकडांचा ढीग लटकत्या काट्यावर तोलायचा, तीन दिवस फक्त त्यातलंच जाळायचं, रोज उरलेलं तोलायचं. जळण पंधरा किलोच्या वर गेलं की घर यादीत. ढलपीत दोन सुया खुपसून ती ओलही बघायची. मी तिला विचारलं, तुझ्या जीपचा धूर कुठे लिहितेस? ऑफिसच्या नावावर, म्हणाली, आणि तो तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. खरं बोलली म्हणून मला आवडली.

ते तीन दिवस रोपवाटिकेत माझी पहाटेची पाळी होती आणि नवरा पंप दुरुस्तीला परगावी. स्वयंपाक आईंकडे. मी निर्धास्त, कारण आमच्या चुलीची भूक मला माहीत होती.

जळण निघालं चार किलो. आम्ही यादीत नाही.

मी दोन दिवस ताईच्या काट्याला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी गोठ्यात कडब्यामागे पाय ठेवला तर खाली राख. तीन दगड, काळे झालेले. आईंनी तोललेला ढीग शोभेला ठेवला होता आणि निम्म्याहून जास्त स्वयंपाक गोठ्यामागच्या ढिगातली लाकडं जाळून इथे केला होता, या बिनखिडकीच्या गोठ्यात. माझ्या पायाने उडालेल्या राखेत वासरू कोपऱ्यात ढगात उभं असल्यासारखं दिसत होतं. मला क्षणभर वाटलं, हे सगळं मी झोपेत बघते आहे.

विचारलं तर त्यांनी मान वर केली नाही. परक्या बाईसमोर घर उधळं दिसू द्यायचं का, म्हणाल्या. त्यांच्या सासूने त्यांना ढलप्या मोजून दिल्या होत्या. कमी लाकडात घर जेवू घालणं एवढीच शाबासकी त्यांना जन्मात मिळाली. आणि ती देणारीही चुलीपाशीच खोकून गेली. मला दोघींचाही राग आला.

पुढच्या आठवड्यात ताई मोठा कॅमेरा घेऊन आली. गावातलं सगळ्यात कमी धुराचं घर म्हणून आईंचा फोटो लागणार होता. आई ठेवणीतलं नेसून चुलीपाशी उभ्या राहिल्या. उन्हाचा एक दोर नेमका त्यांच्या केसांवर उतरला होता. इतक्या देखण्या त्या मला कधी दिसल्या नव्हत्या. गप्प बसावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"ताई, फोटो काढू नकोस," मी म्हणाले. "यांनी लाकूड लपवलं होतं."

आईंचा चेहरा विझला. "हिला माझं चांगलं झालेलं कधी बघवलंच नाही."

"चांगलं झालेलं बघायला तुम्ही उरायला हव्यात ना, आई."

ताईने कॅमेरा पिशवीत घातला. काळ्या भिंतीवरून एक बोट फिरवलं, ते बघितलं आणि नवा कागद काढला. पुन्हा तीन दिवस.

या वेळी मी रजा घेतली. आई उंबऱ्यावर आमच्याकडे पाठ करून बसल्या. माझ्याशी बोलणं बंद, पाणी हवं असेल तर वासराला सांगायच्या. तिसऱ्या दिवशी ताईने उरलेलं तोललं आणि वजाबाकी केली. चौदा किलो दोनशे. तिने पेन टेकवलं, पण लिहीना. मी आकड्याकडे बघत राहिले. आठशे ग्रॅम कमी. एवढ्यावरून एक बाई जगणार की नाही हे ठरणार, अशी ही मोजदाद.

"पहाटेचं धरलं नाहीस," उंबऱ्यावरून आवाज आला.

आम्ही दोघी वळलो.

"खोकला थांबेना. हिची झोप मोडू नये म्हणून गोठ्यात पाणी तापवलं, वाफ घ्यायला. या तोललेल्या ढिगातल्या नाहीत त्या, गोठ्यामागच्या आहेत. पाच ढलप्या. ओल्या होत्या."

ताई गोठ्यात गेली, राखेला हात लावून आली. मागच्या ढिगातून आईंनी तशाच पाच ढलप्या निवडल्या. एक लहान वाटली म्हणून परत ठेवली आणि बरोबर मापाची काढली. ताईने सुया खुपसल्या, मग काट्याला अडकवलं. दीड किलोच्या वर.

आई धापा टाकत काट्याजवळ आल्या, आकडा स्वतः वाचला.

"लिही," त्या ताईला म्हणाल्या. "पण उधळं घर असं कुठे लिहू नकोस."