आईच्या वतीने

अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावातली मराठी ख्रिस्ती मंडळी रविवारी दुपारी उपासनेला जमते, सकाळची अमेरिकन मंडळी चर्च रिकामं करून गेली की. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी उपकारस्तुती असते. एकेकाने उभं राहून वर्षभरातल्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानायचे. टाळ्या नाहीत, कुणा माणसाचं नाव नाही. शेवटी सगळे म्हणतात, "गौरव देवाला." ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने घरच्याने बोलायचं, तेही 'मी' म्हणूनच.

निमिष साळवेला हे सारं मान्य नव्हतं. तो रेडिओलॉजिस्ट होता. दिसेल तेवढंच लिहायचं, हा त्याचा पेशा आणि स्वभावही. दोन वर्षांपूर्वी आईच्या मानेतली गाठ स्कॅनवर सर्वांत आधी त्यानेच ओळखली होती. ऑपरेशन झालं, आणि उपकारस्तुतीत शैलाबाई म्हणाल्या, "प्रभूने मला वाचवलं." मुलाचा उल्लेखही नाही. परतताना तो गाडीत उखडला.

"गाठ मी शोधली, आई. तुझा प्रभू त्या खोलीत मला तरी दिसला नाही."

"तुझं नाव घेतलं असतं तर ते श्रेय तुला चिकटून बसलं असतं रे," आई एवढंच म्हणाली. त्याला ते धार्मिकांचं नेहमीचं बोलणं वाटलं.

या वसंतात ऑपरेशनच्या जागी एक सावली दिसली. लवकर पुन्हा तपासा, असं रिपोर्ट लिहिणाऱ्याचं मत होतं. निमिषने स्वतः स्कॅन पाहिला. "सूज आहे, आई. हे लोक उगाच घाबरवतात." भिऊन भिऊन तोही थकला होता. उन्हाळा तसाच गेला. ती सूज नव्हती. आता आजार फुप्फुसांत उतरला होता, आईचा आवाज गेला होता, केवळ कुजबुज उरली होती. उपचार थांबले होते.

आई कधीतरी त्या सुजेचा विषय काढील म्हणून तो वाट पाहत होता. तिने काढला नाही. उलट म्हणाली, उपकारस्तुतीला माझ्या वतीने तू बोल.

"हिमानीला सांग ना," त्याने बायकोचं नाव पुढे केलं. "मला जे खरं वाटत नाही ते मी म्हणणार नाही."

"तुझं कोण विचारतंय? माझं म्हण."

चर्चच्या दारात मंडळीतल्या इलामावशी भेटल्या. "डॉक्टर इकडे? आज सूर्य कुठून उगवला?"

"पूर्वेकडूनच, मावशी."

पाळक एकनाथ ओहोळांनी शैलाबाईंचं नाव पुकारलं. निमिषने तिला कोपराखाली आधार देऊन उभं केलं आणि कान तिच्या ओठांशी नेला.

"माझी आई म्हणते की—"

"'मी' म्हण, बाळ," पाळक हळूच म्हणाले. "इथली रीत आहे."

"मी... देवाचे आभार मानते. मिळालेल्या दोन वर्षांबद्दल. सुनेच्या मायेबद्दल."

आता आपलं नाव येईल, असं वाटून तो थांबल्याचं त्याच्याच ध्यानात आलं, आणि त्याला स्वतःची शरम वाटली. आई धापा टाकत कुजबुजली. तो मोठ्याने म्हणाला, "जे चांगलं झालं ते माझ्या घरातल्या कुणी केलं नाही. प्रभू, ते तू केलंस."

पुढचं वाक्य त्याने ऐकलं आणि मान वर करून आईकडे पाहिलं. मंडळी थांबली होती. पुढच्या बाकावरच्या कुणीतरी वळून पाहिलं.

"म्हण ना," आई कुजबुजली. "मला उभं राहवत नाही."

"आणि जे राहून गेलं," तो म्हणाला, "तेही माझ्या घरातल्या कुणामुळे राहिलं नाही."

हे असत्य आहे, हे त्या सभागृहात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यांतली एक ते मनापासून म्हणत होती. तिने त्याला क्षमा केली असती तर त्याने ती घेतली असती. पण तिच्या हिशेबी त्याच्यावर कधी आरोपच नव्हता. श्रेय जिथे ठेवलं होतं तिथेच तिने दोषही नेऊन ठेवला होता.

"गौरव देवाला," सगळे म्हणाले.

निमिषला ते म्हणता आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला ते म्हणावंसं वाटत होतं. पण त्यासाठी श्रेय आणि दोष ही दोन्ही ओझी उचलून घेणारं कुणी आहे, एवढा विश्वास हवा होता, आणि तोच त्याच्यापाशी नव्हता. त्याने आईला खाली बसवलं. तिने डोळे मिटले, श्वास हळूहळू जागेवर आला. पाळकांनी पुढचं नाव पुकारलं, तरी तो उभाच होता.