जमिनीवरून चौथा मजला

कंडक्टरचं म्हणणं एवढंच होतं, की ही वस्तू काय आहे ते आधी सांगा, मग तिचं तिकीट किती ते मी सांगतो.

संभाजीनगरहून निघालेली बस बदनापूरच्या अलीकडे आली होती आणि वस्तू सीटांच्या मधल्या वाटेत आडवी पडली होती. काळी, मनगटाएवढी जाड, एकात एक बसणाऱ्या नळ्यांची काठी. टोकाला दांडगा ब्रश आणि बुडातून बाहेर आलेली पाण्याची लांब नळी. एकानं ती मासे धरायची ठरवली, दुसऱ्यानं तंबूचा खांब. शेवटी द्वारकाबाईनं पदर खोचला आणि सांगितलं, "शिडी हाय."

सगळी बस हसली. कंडक्टरही हसला आणि त्या भरात तिकीट फाडायचं राहून गेलं.

द्वारकाबाई खोटं बोलली नव्हती. काम शिडीचंच होतं. नळीतून पाणी वर जातं, ब्रशातून काचेवर पडतं आणि माणूस खाली उभा राहून वरच्या मजल्यांच्या काचा घासतो. तिची भाची तृप्ती संभाजीनगरच्या एका हॉटेलात कामाला होती. तिथं नवी काठी आल्यावर ही जुनी कोपऱ्यात धूळ खात पडली होती. हिच्यासोबत पाणी शुद्ध करायची एक टाकी असायची, ती कुठं गेली हे कुणालाच सांगता येईना, म्हणून स्वस्तात मिळाली. टाकीचं काय एवढं, पाणी ते पाणी, असं द्वारकाबाईनं स्वतःला समजावलं. माणसाला वस्तू घ्यायचीच असली की असली समजूत फार पटकन पटते.

काठी तिनं नवऱ्यासाठी घेतली होती. मच्छिंद्र आष्टीहून जालन्यात आला तेव्हापासून काचांचा माणूस. कापडाची शोरूम, दवाखाने, बियाण्यांच्या कंपन्यांची ऑफिसं, सगळ्यांच्या काचा त्याच्याकडे. शिडीवर चढला की त्याला राजासारखं वाटायचं आणि ते तोंडावर दिसायचं, हे त्याच्या वाइटावर असलेले लोकही कबूल करत. मग एका पावसाळ्यात शिडी सरकली. मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसवावी लागली, पाय वाचला, पण गुडघा पुरता वाकेना. शिडीची पहिली पायरीसुद्धा त्याला परकी झाली. वॉचमनची खुर्ची चालून आली होती, ती त्यानं घेतली नाही.

तेव्हापासून तो बाजेवर बसून बायकोच्या कामात चुका काढत असे. भाकरी जाड झाली, केरसुणी झिजली, दार नीट लागत नाही. द्वारकाबाईला राग यायचा. आणि रागापेक्षा जास्त भीती वाटायची, की हा माणूस असाच बाजेवर संपून जाणार.

काठी पाहून त्यानं नाक मुरडलं.

"जमिनीवर उभं राहून काच धुवायची? हे तर सडा टाकल्यावानी झालं. लोक हसतील न्हाई का?"

"घरात बसलात तरी हसूनच राह्यलेत," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

सकाळी तिला जाग आली तेव्हा मच्छिंद्र अंगणात होता. काठीच्या नळ्या एकेक करून बाहेर ओढत, चिमट्या दाबून बघत होता. एक चिमटी सैल होती, तिला त्यानं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. दुपारी कुणाला न सांगता मोंढ्याच्या बाजारात जाऊन फवारणीचा बॅटरीवाला पंप घेऊन आला, कपाशीवर औषध मारतात तो, कोरा करकरीत. पाणी वर चढवायला जोर लागतो, तो ह्याचा. अपघातानंतर तो पहिल्यांदाच गल्लीबाहेर एकटा गेला होता. द्वारकाबाईनं त्या दिवशीची भाकरी मुद्दाम पातळ केली.

पहिलं काम राधेश्यामशेठच्या टाइल्सच्या दुकानाचं. जुनं गिऱ्हाईक, दुमजली दर्शनी काच. शेजारच्या बोअरचं पाणी भरलं, पंप चालू केला, ब्रश काचेवर फिरला. धूळ वाहून गेली. पुसायचं नाही, पाणी आपोआप वाळलं की काच चमकते, असं तृप्तीनं बजावलं होतं. त्यानं पुसलं नाही. पाणी वाळलं आणि सगळ्या काचेवर कांजिण्या उठाव्यात तसे पांढरे डाग उठले.

जालन्यात नळाच्या तोट्या ज्या पाण्यानं पांढऱ्या पडतात, त्याच पाण्यानं काच कशी वाचेल? त्यात घागर घेऊन टँकरची वाट पाहणारी एक बाई थांबली. आम्हाला प्यायला थेंब नाही आणि तुम्ही काचांना आंघोळी घालताय, असं तिनं सगळ्यांदेखत सुनावलं. बाईचं खरंच होतं, हे मच्छिंद्रलाही कळत होतं. राधेश्यामशेठ वाईट माणूस नव्हता. त्यानं फक्त फोन करून दुसऱ्या शिडीवाल्याला बोलावलं. तो वर चढून डाग पुसत होता, तेवढा वेळ मच्छिंद्र खाली उभा होता.

घरी येऊन त्यानं भिंतीत दोन खिळे ठोकले, काठी त्यांवर आडवी टाकली आणि बायकोला म्हणाला, "घे. कपडे वाळव."

तिनं खरंच वाळवले. एवढी महागाची वलणी जालन्यात दुसऱ्या कुणाकडे नसेल. तो पुन्हा बाजेवर बसला. या वेळी तो भाकरीबद्दलही बोलेना, आणि ते तिला जास्तच जड जाई. जारचं पाणी आणू का, असं तिनं एकदा विचारून पाहिलं. लोकांच्या तोंडचं पाणी काचेवर ओतायचं नाही, एवढं बोलून त्यानं कूस बदलली.

द्वारकाबाई एका खासगी दवाखान्यात सफाईला होती. चार मजल्यांची नवी इमारत, पुढची सगळी बाजू काचेची. मागच्या भिंतीला ओळीनं एसी, आणि त्यांच्या टपटपणाऱ्या पाण्याखाली तिनंच एक बादली ठेवलेली. त्या पाण्यानं ती पार्किंग धुवायची. एका दुपारी ती बादल्या घासायला बसली. सगळ्या बादल्यांवर क्षारांचा पांढरा थर चढला होता, तो दगडानंही निघत नव्हता. फक्त एसीखालची बादली तशी नव्हती. तीही बाकीच्यांसोबतच आणलेली, पण आतून काळीभोर, हात फिरवला तर गुळगुळीत.

तिनं ती बादली पुन्हा एसीखाली सरकवली. मग तिनं साठलेलं तांब्याभर पाणी मागच्या खिडकीच्या काचेवर ओतलं आणि जेवणाचा डबा न उघडता समोर बसून राहिली. काच वाळली. डाग नव्हता. तिनं पुन्हा ओतलं. पुन्हा नव्हता. मग मात्र तिला रडू आलं आणि आजूबाजूला कुणी नाही ना, हे बघून तिनं ते येऊ दिलं.

संध्याकाळी तिनं मच्छिंद्रला हाताला धरून तिथं आणलं. त्यानं पाणी बोटांवर घेतलं, काचेला डोळा लावून तिरकं बघितलं. दुधानं तोंड पोळलेलं, ताकही फुंकणारच.

"हे पाणी कुणाच्या हक्काचं हाय?"

"कुणाच्याच न्हाई. रोज गटारात जातं."

मग तो हसला. पुष्कळ दिवसांनी.

पिंपं लावली. थेंब थेंब साठत गेलं, ते तिच्या सुती लुगड्याच्या फडक्यातून गाळून घेतलं. दवाखान्याचे मॅनेजर रामराव दर्शनी काचांच्या धुळीनं वैतागलेलेच होते. बांबूची परांची बांधावी तर पेशंटचं दार अडतं. एक ओळ करून दाखवा, पुढचं पुढं बघू, असं ते म्हणाले.

रविवारी सकाळी मच्छिंद्रनं पाय फाकवून, दुखरा पाय मागे घेऊन जागा धरली. काठी नळी-नळीनं वर गेली. दुसरा मजला, तिसरा, चौथा. इतक्या उंचीवर ब्रश वाऱ्यानं डोलत होता, पण खाली हात पक्के होते. रिक्षावाले जमले, पेशंटचे नातेवाईक जमले. धुळीचे ओघळ उतरले आणि मग नुसतं पाणी उतरलं.

"पुसा की आता," कुणीतरी म्हणालं.

मच्छिंद्रचा हात सवयीनं खिशातल्या फडक्याकडे गेला. द्वारकाबाईनं मान हलवली. तो थांबला. सगळेच थांबले. ऊन काचेवर होतं. पाणी वरून वाळत वाळत खाली आलं आणि जसजसं वाळलं तसतसं काचेत आभाळ दिसत गेलं, स्वच्छ, एकही डाग नसलेलं. एका रिक्षावाल्यानं शिट्टी मारली. रामराव बाहेर आले, त्यांनी वर बघितलं आणि उरलेल्या सगळ्या ओळींकडे हात केला.

त्यानंतरचा मच्छिंद्र बघण्यासारखा होता. बाजूला व्हा, पाणी उडंल, ती गाडी काढा, असा हुकूम चालला होता. पाणी कुठलं, असं कुणी विचारलं की तो काठी न थांबवता सांगायचा, "ह्याच बिल्डिंगचं. हिचंच हिला." दुपारपर्यंत सगळी इमारत लख्ख झाली. दर महिन्याला यायचं, असं रामरावांनी सांगितलं तेव्हा त्यानं जरा विचार केल्यासारखं दाखवलं. द्वारकाबाईला हसू आवरेना.

शेवटची काच चौथ्या मजल्याची, कोपऱ्यातली. मच्छिंद्र डोळ्यांवर हात धरून बघत राहिला. आयुष्यभर त्यानं काच नाकासमोर धरून तपासली होती, आणि बायकोच काय, कुणाच्याच नजरेवर ते काम सोडलं नव्हतं.

"इथून कळून न्हाई राह्यलं," तो हळू आवाजात म्हणाला. "तू वर जाऊन बघ."

ती लिफ्टनं वर गेली. काचेपाशी जाईपर्यंत तिचा फोन वाजला.

"हाय का डाग?"

"न्हाई."

"नीट बघ."

त्याच्याशी लग्न झाल्यापासून ती जीव मुठीत धरून मान वर करून शिडीवरच्या त्याच्याकडे बघत आली होती. आता तो खाली होता. लहानसा, भिजलेला, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून काठी धरून उभा.

"बघून राह्यले," ती म्हणाली, आणि फोन कानाला तसाच धरून बघत राहिली.