मातीच्या माणसाचा लांब हात

बसा, कारागीरदादा. मला काही उठता येत नाही. चार कड्यांना टांगलेला भरतकामाचा पडदा मी. पाठीला अस्तर आहे म्हणून अजून ताठ दिसतो, एवढंच.

मला भरलं एका परिचारिकेनं, नोकरी संपल्यावर. तिनं नाना धर्मांच्या माणसांची सेवा केलेली. एकेकाकडे जाऊन विचारायची, "तुमच्यात जग कसं सुरू झालं म्हणतात?" कुणी सांगितलं, पाण्यावर सोन्याचं अंडं होतं. कुणी म्हणालं, आधी नुसता अंधार, मग देव बोलला नि उजेड झाला. कुणाकडे कासवाच्या पाठीवर चिखल थापला, त्याची जमीन झाली. कुणाकडे देवानं मातीचा माणूस केला. तिनं सगळं माझ्यावर भरलं.

"यातलं खरं कोणतं हो, सासूबाई?" सुनेनं विचारलं.

"ते त्यांना विचार. मला टाके मोजू दे."

भरून झालो तेव्हापासून मी तिच्या इस्पितळात, ऑपरेशनच्या खोलीबाहेर, बाकाच्या वर आहे. इथं बसणाऱ्यांच्या हातांना काम नसतं. ते मला चाचपतात, धागे ओढतात. अंड्याचं सोनं गेलं, कासवाचा पाय गेला. थकलो. पण तक्रार कुणाकडे करू? त्यांचं दुखणं माझ्याहून मोठं.

एका सकाळी बेकरीत काम करणारी बाई आली. आत तिच्या धाकट्या भावाचं हृदय थांबवून काम चाललं होतं. मातीच्या माणसाच्या हाताचा दोरा ती बोटाला गुंडाळत राहिली. भानावर आली तेव्हा हात खांद्यापर्यंत उसवलेला.

"अगं बाई! काका, हे काय करून बसले मी?"

दाराशी बसलेल्या रखवालदारानं टोपी काढली. आत सुईदोरा खोचलेला, बटणांसाठी. "रडू नकोस पोरी. शिवून टाक."

"मला नाही येत हो. मी पाव भाजते."

"मग पावासारखा कर."

दुपारपर्यंत शिवत होती. मातीच्या माणसाचा हात त्याच्या गुडघ्याखाली गेला.

"लांबच झाला की!"

"असू दे. माझा डावा खांदा बघ, उजव्याहून खाली आहे. घडवणाऱ्याला तरी कुठं सारखं जमलंय?"

ती खुदकन हसली. तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टर आले. तिनं मान वर केलीच नाही.

"थांबा साहेब. गाठ मारू द्या."

सुई तीनदा नको तिथं टोचली. डॉक्टर थांबले. गाठ बसली.

"हं. आता सांगा."

"सुरू झालं हृदय. चांगलं चाललंय."

तिनं माझ्यात तोंड खुपसलं. मी छातीपर्यंत ओला झालो.

उद्या तुम्ही मला दुरुस्तीला नेणार आहात. नव्या व्यवस्थापकबाईंनी चिठ्ठी टाचलीय: सोनं भरा, पाय भरा, वेडावाकडा हात काढून नीट करा.

कारागीरदादा, सोनं राहिलं तरी चालेल. नवं होण्याची हौस आता उरली नाही. पण तो हात उसवू नका. त्याला धरून एका बाईनं सकाळची दुपार केली. बाकी कुठंही सुई घाला, मी हूं की चूं करणार नाही.